जिथली वस्तू तिथं

ताईंनो, गांधीजी इथल्या येरवडा तुरुंगात असताना पेटीत मावणारा चरखा घडला. तो ‘येरवडा चरखा’ म्हणूनच ओळखला जातो. चाकं, चाती, सगळ्याला ठरलेली जागा, म्हणून पेटी बंद होते.

आपलं मसाला युनिटही तसंच लावायचं. जपानी कारखान्यांत याला ‘फाइव्ह एस’ म्हणतात: नको ते काढा, हवं ते जागेवर लावा, झाडून-पुसून घ्या, नियम ठरवा, सवय लावा.

चाळणी खुंटीलाच, मागे भिंतीवर तिचा आकार रंगवा, नसली की लगेच कळतं. कांडप मशीनच्या वाटेत पोती नकोत. अडखळून पदर पट्ट्यात गेला, तर हातच जायचा. पदर खोचा, मशीन बंद करूनच साफ करा.

सोमवारी पहिली पायरी: महिनाभर न लागलेलं सामान बाहेर!