पती-पत्नी विभक्त, पालक मात्र दोघेही



घटस्फोटाने पती-पत्नीचे नाते संपते. आई-वडिलांचे संपत नाही. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याने मुलाचे हित सर्वोपरी मानले. १९८४ च्या कायद्यामुळे कुटुंब न्यायालयांत समुपदेशकही आले. परंतु निकालानंतर काय? रविवारी भेटून परतलेल्या मुलाची उलटतपासणी न घेणे, प्रगतिपुस्तक दोघांनीही पाहणे, आजी-आजोबांची जीभ आवरणे, हे निकालपत्र शिकवीत नाही. विधी आयोगाने २०१५ मध्ये संयुक्त ताब्याचा पर्याय सुचविला. अबोला धरणाऱ्यांना तो पेलणार कसा?

म्हणून जाणत्या समुपदेशकाने अशा दोघांना नियमित समोरासमोर बसवावे. विषय एकच, मूल. जुने हिशेब उंबऱ्याबाहेर. जिथे मारहाण झाली असेल, तिथे मात्र हा आग्रह नको; तिथे समुपदेशकाने दोघांशी स्वतंत्रपणेच बोलावे.