रुग्णाच्या उशाशी घ्यायचे निर्णय
(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला ‘तुझ्या नोकरीतलं काहीतरी सांग’ म्हटलं. परिचारिकेकडे सांगण्यासारखं पुष्कळ असतं, पण त्यातलं निम्मं कुणाला सांगायचं नसतं. तिथूनच सुरुवात करते.

माझी सारी नोकरी मुंबईत झाली. मे महिन्यात मालवणला आले की हमखास विचारणा व्हायची, ‘आबाचो झील तुझ्याच वॉर्डात होतो मा? तेका काय झाला गो?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. आपल्याकडे चौकशी हीसुद्धा माया असते. तरी मी म्हणायची, ‘त्यांच्या घरीच विचारा.’ माणसं रागवायची, ‘मोठी शिष्ट झाली’ म्हणायची. पण क्षयाचा किंवा एचआयव्हीचा एक शब्द बाहेर गेला, तर एखाद्याची नोकरी जाते, एखाद्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडतं. रुग्ण आपला आजार इस्पितळावर विश्वासून सांगतो. तो गावाला वाटायचा अधिकार मला नाही.

दुसरा प्रसंग रात्रपाळीचा. डॉक्टर फोनवरून औषध सांगतात आणि आकडा मोठा वाटतो. अशा वेळी गप्प राहून इंजेक्शन देणं सोपं असतं. पण ‘डॉक्टरांनीच सांगितलं’ हे उत्तर पुरत नाही, कारण सुई टोचणारा हात माझा असतो. आकडा पुन्हा म्हणून दाखवायचा, शंका स्पष्ट बोलायची आणि केसपेपरवर वेळेसह लिहायचं. यात डॉक्टरांचा अपमान नसतो. आमच्या कामात आज्ञा पाळणं हे कर्तव्य आहे आणि शंका विचारणं हेही कर्तव्यच आहे.

परिचारिकेच्या कर्तव्याचा सर्वांत अवघड प्रश्न साऱ्या देशासमोर आला तो अरुणा शानभाग यांच्यामुळे. उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरची ही मुलगी मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका होती. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तिथल्याच एका सफाई कामगाराने तिच्यावर अत्याचार केला. गळा आवळल्यामुळे मेंदूचा रक्तपुरवठा तुटला आणि ती पुन्हा कधी पूर्वीसारखी झाली नाही. तेव्हा ती पंचविशीत होती. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने तिचं निधन झालं. मधली जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या परिचारिकांनी तिला सांभाळलं. तिला भरवलं, न्हाऊ घातलं, कुशीवर वळवलं. इतक्या वर्षांत तिच्या पाठीला जखम होऊ दिली नाही. अंथरुणाला खिळलेलं माणूस ज्यांनी घरी सांभाळलं आहे, त्यांना या एका वाक्याचं मोल कळेल. जुन्या सिस्टर निवृत्त झाल्या, अरुणाला कधी चालताबोलताना न पाहिलेल्या मुली आल्या, पण सेवेत खंड पडला नाही. नुसत्या मायेवर इतकी वर्षं निघत नाहीत. त्याला पाळीगणिक निभावलेली शिस्त लागते.

लेखिका पिंकी विराणी यांनी तिच्या वतीने सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला, की तिचं जगणं असं लांबवू नये. परिचारिकांनी ठामपणे सांगितलं, आम्ही तिला सांभाळू. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने अर्ज फेटाळला आणि तिच्या वतीने बोलण्याचा हक्क केईएमच्या कर्मचाऱ्यांचा मानला. रक्ताचं नातं नसताना हा हक्क मिळाला तो सेवेतून. मात्र त्याच निकालाने काही अटींवर, उच्च न्यायालयाच्या परवानगीने, कृत्रिम उपचार थांबवण्याची वाटही मोकळी केली.

माझ्या मते दोन्ही बाजूंना तिची कळकळ होती. पण एक माणूस त्या वादात बोलू शकत नव्हतं, ती म्हणजे स्वतः अरुणा. तिला काय हवं होतं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. सेवा करणाऱ्याचा शब्द ऐकला पाहिजे हे खरंच, पण सेवा करणाऱ्यानेही आधी रुग्णाची इच्छा विचारली पाहिजे.

हे मी इथे मुद्दाम बोलते आहे. आपल्यापैकी कितीतरी घरांत आईवडील मालवणात आणि मुलं मुंबईत किंवा परदेशात आहेत. तब्येत बिघडली की ओरोस, तिथून बांबोळी. आणि मग रात्री फोनवर विचारलं जातं, ‘व्हेंटिलेटर लावायचा का?’ मुलगा होय म्हणतो, मुलगी नको म्हणते आणि भावंडांत कायमचा दुरावा येतो. असे फोन मी वॉर्डात उभी राहून ऐकलेले आहेत.

यावर आता मार्ग आहे. ९ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैद्यकीय इच्छापत्राला मान्यता दिली आणि जानेवारी २०२३ मध्ये त्याची पद्धत सोपी केली. आपण बोलू न शकल्यास कोणते उपचार हवेत, कोणते नकोत आणि आपल्या वतीने कोणी बोलावं, हे शुद्धीत असताना लिहायचं. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या आणि नोटरीकडून किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन करून घ्यायचं. कागद नाही केलात तरी निदान घरात बोला. ‘असलं अभद्र कशाला बोलायचं’ म्हणून विषय टाळू नका.

शाळेने आपल्याला उत्तरासोबत रीतही लिहायला लावली होती. आमच्या कामाला तीच सवय उपयोगी पडते. जो निर्णय घेतला, तो का घेतला हे रुग्णाला, त्याच्या माणसांना आणि केसपेपरवर सांगता आलं पाहिजे. ज्या मुली आज या शाळेतून नर्सिंगकडे जाणार आहेत, त्यांना माझं एवढंच सांगणं.