निर्वासितांचीं मुलें आणि शाळा

निर्वासित म्हटला कीं डोळ्यांपुढें येतें तें बोचकें, रेल्वेचा फलाट आणि शिध्यासाठीं लागलेली रांग. अन्न, वस्त्र व निवारा यांची निकड पहिली, यांत शंका नाहीं. परंतु मुलाचें तेवढ्यानें भागत नाहीं. प्रौढ माणसाचें वाया गेलेलें वर्ष पुढें कष्टानें भरून काढतां येतें. मुळाक्षरें शिकण्याचें वय मात्र कोणासाठीं थांबत नाहीं. म्हणून मुलाच्या हक्कांत छपराच्या खालोखाल शाळा येते.

नाशिककरांना हा प्रश्न परका नाहीं. १९४७ च्या फाळणीनंतर देवळालीच्या लष्करी बराकींत सिंधी कुटुंबें येऊन राहिलीं. पंजाब व बंगाल यांचा कांहीं भाग तरी भारतांत उरला. सिंध प्रांत सबंध पाकिस्तानांत गेला. सिंधी मुलानें घराबरोबर आपल्या भाषेचा प्रांतहि गमावला. घरीं सिंधी, बाहेर मराठी, आणि घरच्या भाषेची लिपिहि निराळी! राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टांत सिंधीला स्थान मिळालें तें १९६७ सालीं. तोंवर बराकींत जन्मलेलीं मुलें विशीला आलीं होतीं.

परक्या मुलुखांत मुलाचें शिक्षण कसें टिकवावें, याचा एक नमुना महाराष्ट्रांतच त्यापूर्वीं घडला होता. दुसऱ्या महायुद्धांत सोव्हिएट रशियानें पोलंडमधील लक्षावधि लोकांस हद्दपार केलें. त्यांपैकीं सुमारें पांच हजार माणसें इराणमार्गें हिंदुस्थानांत येऊन १९४३ पासून कोल्हापूरजवळील वळिवडे येथील छावणींत राहिलीं. त्यांत स्त्रिया व मुलेंच अधिक होतीं. छावणी तात्पुरती आहे हें सर्वांस ठाऊक होतें. तरीहि तेथें पोलिश भाषेंतून रीतसर शाळा चालल्या. १९४८ सालीं छावणी उठली, तेव्हां मुलें देशोधडीला लागलेलीं असूनहि निरक्षर राहिलीं नव्हतीं. पुढें त्याच जागीं सिंधी निर्वासित आले आणि वस्तीस गांधीनगर हें नांव पडलें.

संकटकाळीं पहिली मदत मुलास मिळावी, हें तत्त्व १९२४ च्या जिनीव्हा जाहीरनाम्यानें जगापुढें ठेविलें. १९८९ च्या बालहक्क संहितेचें बाविसावें कलम खास निर्वासित मुलांसाठीं आहे. भारतानें ती संहिता १९९२ सालीं मान्य केली. निर्वासितांविषयींच्या १९५१ च्या करारावर भारताची सही नाहीं. परंतु शिक्षणहक्काचा २००९ चा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचें वय पाहतो, नागरिकत्व विचारीत नाहीं. वयाचा पुरावा नसला तरी प्रवेश नाकारतां येत नाहीं. आधींच्या शाळेचा दाखला येण्यास विलंब लागला, हेंहि कारण चालत नाहीं. मागें पडलेल्या मुलास वयानुरूप वर्गांत बसवून खास शिकवणी द्यावी लागते.

या कायद्याची कसोटी आज नाशिकच्या वेशीवरच लागते. पावसाळा सरला कीं सुरगाणा व पेठ तालुक्यांतील आदिवासी कुटुंबें द्राक्षबागांत आणि शहरांतील बांधकामांवर मजुरीस येतात. त्यांना कोणी निर्वासित म्हणत नाहीं. त्यांचें गांव शाबूत असतें आणि पेरणीस तीं परतहि जातात. परंतु मुलाच्या दृष्टीनें पाहिलें तर फरक थोडा. नांव गांवच्या शाळेच्या पटावर, मूल मात्र विटांच्या ढिगापाशीं धाकट्या भावंडास सांभाळीत बसलेलें.

"चार महिन्यांनीं जाणारें मूल; त्याला दाखल करून काय उपयोग?" असें यावर म्हटलें जातें. मग पांच वर्षांनीं उठून जाणाऱ्या वळिवड्याच्या मुलांस तरी कशाला शिकविलें? मुक्काम तात्पुरता असला तरी बालपण तात्पुरतें ठेवून मागाहून पुन्हा देतां येत नाहीं. चार महिन्यांत मूल वाचूं लागतें. निदान वाचतें झालेलें मूल विसरत नाहीं.

ज्या गृहस्थाच्या दारासमोर नवी इमारत उठत असेल, त्यानें तेथील मुलांची एकदां चौकशी करावी. सवड काढून आईबापांबरोबर जवळच्या महापालिकेच्या शाळेंत जावें आणि कागदांवांचून कोणी परत पाठवूं लागला, तर वर सांगितलेला कायदा नम्रपणें दाखवावा. मजुराचा शब्द जेथें ऐकला जात नाहीं, तेथें शेजाऱ्याचा ऐकला जातो. तेवढ्यानें एका मुलाचें वर्ष वांचतें.