ते ० ते ३ वालं चाक नक्की कशासाठी?

स्टिअरिंगच्या आसपास, डॅशबोर्डवर, बऱ्याच गाड्यांमध्ये एक बारीक चाक असतं. त्यावर ०, १, २, ३ असे आकडे. अनेकांना वाटतं, आकडा वाढवला की लाइट लांब जाणार. उलटं आहे! आकडा वाढला की झोत खाली येतो.

आता समजा, गणपतीला गावी निघालात. मागे तिघं, डिकी गच्च. गाडी मागून दबते, नाक वर होतं आणि हेडलाइटही. फक्त एक अंशाचा फरक पडला तरी ५० मीटरवर झोत जवळपास ८७ सेंटिमीटर वर चढतो. समोरचा बाइकवाला अप्पर मारून सांगत असतो आणि आपण म्हणतो, "अरे, डिप्परच तर आहे!" त्याचे डोळे दोन सेकंद दिपले, तर ताशी ६०च्या वेगात तो ३३ मीटर न बघता येतोय. तेही घाटात.

म्हणून एकटे असाल तर ०, गाडी भरली की १ किंवा २. नेमकं गाडीच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. सामान उतरलं की परत ०, नाहीतर आपल्यालाच लांबचं दिसणार नाही.

आणि ०वरच झोत वर असेल तर? सपाट जागेत भिंतीपासून ५ मीटरवर डिप्पर लावा. प्रकाशाची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा साधारण ५ सेंटिमीटर खाली हवी. डावीकडे ती थोडी वर चढते, ते बरोबरच आहे. कडेने चालणारी माणसं त्यानेच दिसतात. कड वर असेल तर गॅरेजमध्ये स्क्रूने सेट करून घ्या.