मृत्युपत्र आणि साक्षीदाराचे कर्तव्य



मी वकील नाही, कापडाचा व्यापारी आहे. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहे, ते स्वतःच्या हातून घडलेल्या एका चुकीमुळे.

अनेक वर्षांपूर्वी एका स्नेह्यांचे मुनीम त्यांचे मृत्युपत्र घेऊन माझ्या पेढीवर आले. "शेठजींची सही झाली आहे, साक्षीदार म्हणून आपली हवी," असे ते म्हणाले. स्नेही घरी आजारी होते. दुकानात गिऱ्हाईक होते. मी गादीवर बसल्या बसल्या सही केली. पुढे स्नेही निवर्तले आणि मुलांनी हरकत घेतली. न्यायालयात मला विचारण्यात आले, "त्यांना सही करताना आपण पाहिले काय?" शपथेवर मी 'नाही' म्हणालो. मृत्युपत्र शाबीत झाले नाही. त्यात विधवा बहिणीला दिलेल्या दोन खोल्या तिला मिळाल्या नाहीत. कारण मृत्युपत्राअभावी, मुले असताना बहिणीला वारसाहक्क पोहोचत नाही.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ चे कलम ६३ आपणा जैनांनाही लागू आहे. त्यानुसार किमान दोन साक्षीदार आवश्यक आहेत. प्रत्येकाने मृत्युपत्रकर्त्याला सही वा अंगठा करताना पाहिलेले असावे, अथवा 'ही सही माझीच' अशी कबुली त्याच्याच मुखातून ऐकलेली असावी. आणि स्वतःची सही त्याच्यासमक्ष करावी. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असणे बंधनकारक नाही. मजकूर वाचण्याचीही गरज नाही. त्या दिवशी मी स्नेह्यांच्या घरी गेलो असतो, तर त्यांचे एक वाक्य पुरेसे होते!

नोंदणी ऐच्छिक आहे. परंतु नोंदणी झाली म्हणून साक्षीदाराची गरज संपत नाही. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६७ प्रमाणे साक्षीदार हयात व उपलब्ध असल्यास किमान एकाची साक्ष व्हावीच लागते. म्हणून साक्षीदार आपल्यापेक्षा वयाने लहान व निरोगी निवडावेत. ज्याला लाभ मिळणार आहे, त्याने साक्षीदार होऊ नये. तेवढ्याने आपल्या मृत्युपत्रातील देणगी रद्द होत नसली, तरी संशयाला जागा राहते. संस्थेला दान लिहून ठेवताना विश्वस्तांची साक्ष टाळावी, ती याचसाठी.

तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत 'कूटलेखक्रिया', म्हणजे खोटे लिखाण करणे, सांगितले आहे. न पाहिलेल्या गोष्टीखाली 'पाहिले' म्हणून सही करणे याहून वेगळे ते काय? माझ्या मनात कपट नव्हते, परंतु त्या भगिनीचे छप्पर गेलेच.

म्हणून आपणास नम्र विनंती आहे की, कोणी साक्षीसाठी कागद आणला तर आधी मृत्युपत्रकर्त्याकडे चला. डोळ्यांनी पाहा, कानांनी ऐका, मगच लेखणी उचला.

जय जिनेंद्र!