डिझेल-इंजिनाचे इंजेक्टर

नारायणगांवच्या बाजारांत टोमॅटोचे क्रेट भरून वाशीला निघालेली एखादी पिकअप गाडी पहांटे सुरूच होत नाहीं, अशी कल्पना करा. किल्ली फिरवून फिरवून बॅटरी दमते. शेवटीं इंजिन चालूं होतें, पण तें खडखडतें आणि मागें पांढऱ्या धुराचा लोट सोडतें. माल वेळेवर पोंचला नाहीं तर भाव पडतो, आणि गाडीचा हप्ता तर चुकत नाहीं. श्रोतेहो, शहरांतील स्वयंपाकघरें ज्या गाड्यांवर चालतात, त्यांच्या या दुखण्याचें मूळ पुष्कळदां इंजेक्टर नांवाच्या वीतभर साधनांत असतें.

पेट्रोलच्या इंजिनांत इंधन ठिणगीनें पेटतें. डिझेल-इंजिनांत ठिणगीच नाहीं. तेथें दट्ट्या हवेला इतका दाबतो कीं ती ५०० अंश सेंटिग्रेडहून अधिक तापते, आणि त्या हवेंत फवारलेलें इंधन आपोआप पेट घेतें. हें तत्त्व रुडॉल्फ डिझेल यांनीं १८९७ सालीं जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें यशस्वी करून दाखविलें. त्या वेळीं फवाऱ्यासाठीं दाबलेली हवा लागे, व तिच्याकरितां अवजड यंत्र बाळगावें लागे. १९२७ पासून बॉश कारखान्यांत इंधनपंप मोठ्या प्रमाणावर होऊं लागले, आणि डिझेलला रस्त्यावरील वाहनांची वाट मोकळी झाली. आजच्या कॉमन रेल पद्धतींत डिझेलचा दाब भर वेगांत हवेच्या दाबाच्या १६०० पटींवरहि जातो, आणि इंजेक्टरच्या टोंकाचीं भोंकें मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकीं बारीक असतात.

अशा साधनाला पाणी व धूळ हे मोठे शत्रु. त्यांनीं तो झिजला कीं फवाऱ्याऐवजीं थेंब गळतात, तेल जास्त लागतें, आणि न जळलेलें डिझेल खालीं उतरून वंगणांत मिसळतें. मोजपट्टीवर वंगण वाढलेलें दिसलें तर तें शुभचिन्ह नव्हे. दुर्लक्ष केल्यास दट्ट्यालाच भोंक पडूं शकतें.

दोष नेमका कोणत्या इंजेक्टरचा, हें ठरविण्यास जाणता मिस्त्री प्रत्येकाची परतीची नळी वेगळ्या बाटलींत सोडतो व इंजिन कांहीं वेळ चालवितो. ज्या बाटलींत इतरांहून फार जास्त डिझेल जमतें, तो इंजेक्टर झिजलेला. मात्र चालूं इंजिनाची दाबाची नळी कधींहि सैल करूं नये, अथवा गळती हातानें चांचपूं नये. तो बारीक झोत कातडी भेदून आंत शिरतो. जखम सुईच्या टोंचणीएवढी दिसते, परंतु तत्काळ शस्त्रक्रिया न झाल्यास बोट, प्रसंगीं हातहि गमवावा लागतो. गळती पाहावयाची तर पुठ्ठा धरावा.

बदलण्याचें काम इंजिन थंड झाल्यावर व दाब उतरल्यावर करावें. प्रथम सभोंवारची घाण पुसावी, नळ्या सुटतांच त्यांचीं तोंडें टोपणांनीं झांकावीं, आणि अडकलेला इंजेक्टर हातोड्यानें न ठोकतां ओढणीनें काढावा. जुना तांब्याचा वॉशर पुष्कळदां खांचेंत चिकटून राहतो. तो न काढतां नवा बसविला तर इंजेक्टर वर उचलला जातो आणि दाब निसटतो. खांच स्वच्छ करून, नवा वॉशर घालून, कारखान्यानें सांगितलेल्या मापानेंच पाना आवळावा. पुष्कळ गाड्यांत इंजेक्टरवर कोरलेला संकेतांक गाडीच्या संगणकांत नोंदवावा लागतो. तो राहिला तर नवा भागहि जुन्यासारखाच खडखडतो. वंगणांत डिझेल उतरलें असेल तर तेंहि बदलावें.

हा सारा खर्च गाडीवाल्याच्या कित्येक फेऱ्यांची कमाई खातो. म्हणून फिल्टर मुदतींत बदलणें व त्यांत सांचलेलें पाणी वेळच्या वेळीं सोडणें, हा त्यावरचा स्वस्त उपाय होय.