वर्गणीचे आकडे आणि मुलांची मोजणी



मंडळाच्या रविवारच्या बालवर्गात तिसरी ते पाचवीच्या मुलांना आम्ही टप्प्याने मोजायला शिकवतो. आम्ही पेशाने शिक्षक नव्हे. पदविका घेऊन रस्त्यांच्या कामावर लागलेली सरकारी नोकर माणसे आहोत. वर्गात जे दिसले, ते आज पालकांपुढे मांडतो.

दोन, चार, सहा किंवा पाच, दहा, पंधरा हे मुलांना शाळेतच येते. अडचण येते ती मोठ्या संख्यांत. ९,७०० पासून शंभराच्या टप्प्याने मोजायला सांगा. ९,८००, ९,९०० इथवर गाडी सुसाट जाते आणि मग अडते. कुणी ९,९१० म्हणतो, कुणी थेट लाखावर जाऊन बसतो. म्हणजे मूल गणितात कच्चे आहे असे नव्हे. त्याने चाल पाठ केली आहे, पण अंकाची जागा पाहिलेली नाही.

यावर आमचा उपाय साधा आहे. पुठ्ठ्याची कार्डे कापायची, त्यांवर १००, १,००० आणि १०,००० लिहायचे. शंभराची दहा कार्डे जमली की ती देऊन हजाराचे एक घ्यायचे. हजाराची दहा झाली की दहा हजारांचे एक. ९,९०० मध्ये शंभराचे एक कार्ड पडले की आधी शतकाचे घर भरते आणि त्यामुळे लगेच हजाराचेही. दोनदा बदल करावा लागतो. हा दुहेरी बदल मुलाने स्वतःच्या हाताने केला की ९९,९०० नंतर १,००,००० त्याला सांगावे लागत नाही.

दुसरी गोष्ट, नेहमी शून्यापासून सुरुवात करू नये. रस्त्याची मोजणी आरंभापासून मीटरमध्ये चढत जाते, तिला आम्ही चेनेज म्हणतो. आज काम १२,९१० वर थांबले, तर उद्या तीस मीटरची टेप तिथूनच पुढे लागते: १२,९४०, १२,९७०, १३,०००. मुलांनाही असेच मधूनच उभे करावे. उलटेही चालवावे: १०,२००, १०,१००, १०,००० आणि मग? उतरताना ९,९०० सांगणाऱ्या मुलाला संख्या खरोखर कळली आहे.

तिसरी गोष्ट या दिवसांतली. वर्गणीचे पावतीपुस्तक हे उत्तम गणिताचे पुस्तक आहे. २५१ च्या चार पावत्या फाटल्या तर किती? २५१, ५०२, ७५३, १,००४. अडीचशेच्या उड्या मारायच्या आणि वरचा एकेक रुपया शेवटी जोडायचा. १०१ घेतले तर २०२, ३०३ करत मुले ९०९ पर्यंत गात जातात. पुढे १,०१० येते तेव्हा चाल मोडते आणि डोके चालू होते. आम्हाला तोच क्षण हवा असतो.

आता थोडे काळजीचे. इंदुरात आपली मुले हिंदी किंवा इंग्रजी माध्यमात शिकतात. आजी 'एकोणनव्वद' म्हणाली की नातू तोंडाकडे पाहतो, कारण त्याच्या कानावर 'नवासी' किंवा 'एटी-नाईन' पडलेले असते. खरे तर मराठी शब्द किती सोपा आहे! एकोण म्हणजे एक कमी. एकोणतीस, एकोणसाठ, एकोणनव्वद, प्रत्येक वेळी पुढचा दशक शब्दातच सांगितलेला. दहाच्या टप्प्याने मोजणाऱ्या मुलाला याहून चांगली खूण कोणती? ८९ ला एकोणनव्वद म्हटले की पुढच्या टप्प्याला नव्याण्णव मात्र वेगळे येते, तेही मुले हसत लक्षात ठेवतात. पण हे शब्द घरात उच्चारले गेले तरच. आठवड्यातला आमचा एक तास त्याला पुरणार नाही.

म्हणून आजी-आजोबांना आमची विनंती आहे. रोज संध्याकाळच्या आरतीनंतर दहा मिनिटे नातवंडांना घेऊन बसा. एक संख्या तुम्ही सांगा, पुढची त्यांनी सांगावी, मराठीतून. चुकले तर रागावू नका, कार्डे पुढे सरकवा. पाढे म्हणणाऱ्या पिढीकडे जे आहे ते पुस्तकात मिळत नाही, आणि ते द्यायला आपल्याकडे वेळ आहे तोवरच द्यायला हवे.

विसर्जनानंतरच्या रविवारपासून वर्ग पुन्हा भरेल. मुलांना अवश्य पाठवा, आणि जमल्यास स्वतःही या.

गणपती बाप्पा मोरया!